तेविसावी जागा

एखाद्याने आयुष्यभर केलेल्या कामाची जाण ठेवून त्याला आजची जागा द्यावी काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या शब्दांत क्वचितच येतो. जीवनात मात्र तो वरचेवर येतो. धर्मग्रामाच्या गायनवृंदात तीस-चाळीस वर्षे पहिला सूर लावणाऱ्या आणि आता वरच्या पट्टीत आवाज फाटणाऱ्या गायकाविषयी तो येतो. पतपेढीच्या संचालक मंडळात येतो, शाळेच्या शिक्षकदालनात येतो. आम्हा धर्मगुरूंविषयीही तो येतो. फक्त तो आमच्या कानांवर पडू नये याची काळजी लोक घेतात.

हा प्रश्न मला येथे फुटबॉलच्या मैदानावर नेऊन तपासायचा आहे. इतरत्र तो भिडेच्या आणि मानापमानाच्या धुक्यात हरवतो. मैदानावर तसे होत नाही. तेथे जागा मोजक्या असतात, यादी ठरलेल्या दिवशी जाहीर करावी लागते, आणि एकाला घेतले की दुसरा बाहेर राहतो हे सर्वांना दिसते. करिंथकरांना पत्र लिहिताना संत पौलालाही शर्यतीचे मैदान आणि त्यात धावणारे स्पर्धक आठवले होते. तेव्हा अशा नियतकालिकाला हा विषय अगदीच परका आहे असे कोणी म्हणू नये.

उदाहरण घेतो ते इटलीच्या रॉबर्टो बॅजियोचे. जपान आणि दक्षिण कोरिया येथे २००२ साली विश्वचषक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेपासून प्रत्येक संघाला बावीसऐवजी तेवीस खेळाडू नेण्याची मुभा मिळाली. म्हणजे तेविसावी जागा ही त्या वर्षी नव्यानेच निर्माण झालेली जागा होती. बॅजियो तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ३१ जानेवारीला इटालियन चषकाच्या उपांत्य सामन्यात, पार्मा संघाविरुद्ध खेळताना, त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. पस्तिशीतल्या खेळाडूच्या बाबतीत अशा दुखापतीनंतर कारकीर्द संपली असेच समजले जाते. परंतु शस्त्रक्रियेनंतर सुमारे अडीच महिन्यांनी, २१ एप्रिलला, तो ब्रेशिया संघाकडून पुन्हा मैदानात उतरला. तो बदली खेळाडू म्हणून आला आणि त्याने दोन गोल केले. त्या मोसमात लीगच्या बारा सामन्यांत त्याचे अकरा गोल झाले होते. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक जोव्हानी ट्रॅपटोनी यांनी यादी जाहीर केली, तेव्हा तीत बॅजियोचे नाव नव्हते. तो पूर्ण बरा झालेला नाही, ही शंका त्यामागे होती. त्याला न्यावे अशी मागणी इटलीत मोठ्या प्रमाणावर झाली होती. ती मान्य झाली नाही.

या निवाड्याचा विचार करण्यापूर्वी त्या गुडघ्याचा पूर्वेतिहास सांगायला हवा. कारण त्याशिवाय 'ऋण' हा शब्द या प्रकरणात का शिरतो हे कळणार नाही. १९८५ साली बॅजियो अठरा वर्षांचा होता आणि व्हिचेन्झा या खालच्या श्रेणीतील संघाकडून खेळत होता. फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना संघाने त्याला घेण्याचे ठरवले होते. नेमक्या त्याच सुमारास, मे महिन्यात, रिमिनी संघाविरुद्धच्या सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला. शस्त्रक्रियेत २२० टाके पडले. व्यवहारी माणसाने तो सौदा मोडला असता आणि त्याला कोणी फारसा दोषही दिला नसता. फिओरेंटिनाने शब्द पाळला. पहिल्या श्रेणीतील त्याचा पहिला सामना व्हायला १९८६ चा सप्टेंबर उजाडला. पाठोपाठ गुडघा पुन्हा दुखावला. आणि त्या श्रेणीतील पहिला गोल १० मे १९८७ रोजी, नेपल्समध्ये, झाला. दोन वर्षे एका क्लबाने एका मोडलेल्या मुलाची वाट पाहिली. पुढे तोच मुलगा १९९३ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फिओरेंटिनाचे हे वागणे आपल्याला भावते. पण ते नेमके का भावते हे तपासून पाहिले पाहिजे. त्या क्लबाने बॅजियोची पात्रता मोजून त्याला ठेवून घेतले नव्हते; १९८५ च्या मे महिन्यात मोजण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याने वचन पाळले. दिलेले वचन हा हक्क निर्माण करतो, आणि हक्क असतो तेथे 'हा योग्य आहे काय' हा प्रश्न मागे पडतो. विवाहाच्या वचनाचे असेच आहे. राष्ट्रीय संघाची यादी मात्र वचनावर उभी नसते. कोणाही खेळाडूला पुढल्या विश्वचषकाचे वचन दिलेले नसते, आणि द्यायचे म्हटले तरी तसे वचन देण्याचा प्रशिक्षकाला अधिकार नसतो. म्हणून २००२ च्या निवाड्यात फिओरेंटिनाचा दाखला, कितीही हृद्य असला तरी, लागू पडत नाही.

मग उरते ते ऋण. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ट्रॅपटोनी आणि बॅजियो एकमेकांना अनोळखी नव्हते. तुरीनच्या युव्हेंटस संघाने १९९३ साली युएफा चषक जिंकला तेव्हा ट्रॅपटोनी प्रशिक्षक होते आणि बॅजियो त्या संघाचा आधारस्तंभ होता. डॉर्टमुंड येथे झालेल्या अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात त्याने दोन गोल केले होते. पुढल्या वर्षी अमेरिकेतील विश्वचषकात त्याच्या पाच गोलांनी इटली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. हे पाचही गोल बाद फेरीतले होते, हे विशेष. म्हणजे ट्रॅपटोनी यांच्यावर त्याचे ऋण दुहेरी होते : एक व्यक्ती म्हणून, आणि दुसरे इटलीचे प्रतिनिधी म्हणून.

संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेला न्यायाच्या शेजारी, परंतु न्यायापासून वेगळी जागा दिली आहे. कायद्याने वसूल होणारे कर्ज निराळे आणि सज्जनपणाला बांधून घेतलेले ऋण निराळे. कृतज्ञता या दुसऱ्या वर्गात मोडते, आणि म्हणूनच ती ज्याची त्याने स्वतःच्या पदरातून फेडायची असते. द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला येथे आठवतो. दिवस मावळताना कामाला लागलेल्या मजुराला त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली आणि कुरकुर करणाऱ्यांना स्पष्टपणे सुनावले की मी माझ्या मालकीचे देत आहे. तो औदार्य दाखवू शकला, कारण पैसा त्याचा होता. प्रशिक्षकाच्या हाती असलेली जागा त्याच्या मालकीची नसते. ती संघाची असते, आणि त्यापेक्षाही, जो कोणी ती घेऊन बाहेर राहिलेल्यापेक्षा अधिक चांगले काम करू शकेल त्याची असते. दुसऱ्याच्या मालमत्तेतून दानधर्म करणारा कारभारी दयाळू म्हणवला जात नाही.

याच ग्रंथकाराने वितरणात्मक न्यायाच्या विरुद्ध असलेले पाप म्हणून पक्षपाताचा, आपल्या भाषेत 'तोंड पाहून' वागण्याचा, विचार केला आहे. त्यांचे उदाहरण साधे आहे. अध्यापकाची जागा एखाद्याला त्याच्या ज्ञानासाठी दिली तर कारण पाहून दिली. तो अमुक माणूस आहे एवढ्यासाठीच दिली तर तोंड पाहून दिली. सेमिनरीत हे प्रकरण शिकताना आम्हाला ते श्रीमंतांविषयी आणि वशिल्याविषयी वाटे. वस्तुतः ते कौतुकाविषयीही तितकेच आहे. ज्याच्यावर सगळा देश प्रेम करतो त्याचे तोंड हेही एक तोंडच असते. या दृष्टीने पाहिले तर लोकांच्या मागणीपुढे न वाकणारे ट्रॅपटोनी न्यायी ठरतात. स्वतःच्या ऋणामुळे आपला काटा एका बाजूला झुकेल अशी भीती त्यांना वाटली असेल, तर तीही समजण्यासारखी आहे.

येथे हा विचार संपला असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण माझ्या मते येथेच एक मोठी गफलत होते, आणि ती केवळ मैदानावर होत नाही.

माणसाचा भूतकाळ निवाड्यात दोन वेगवेगळ्या रूपांनी हजर असतो. एक रूप ऋणाचे : याने आपल्यासाठी एवढे केले आहे. दुसरे रूप पुराव्याचे : याने हे केले आहे, त्याअर्थी हा ते करू शकतो. दोन्ही रूपे एकाच वस्त्रात वावरतात, म्हणून ती ओळखू येत नाहीत. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की उत्तम बासरी उत्तम बासरीवादकाला द्यावी. घराण्याने किंवा रूपाने श्रेष्ठ असलेल्याला नव्हे. ठीक. पण आज ज्याने बासरी ओठांना लावलेली नाही त्याचे वादन उत्तम आहे हे कशावरून ठरवायचे? कालच्या वादनावरूनच. दुसरा मार्ग कोणाजवळही नाही. तेव्हा 'भूतकाळ बाजूला ठेवून आज काय आहे ते पाहू' ही निःपक्षपाती वाटणारी भूमिका खरे तर अशक्य आहे; उद्याच्या खेळाविषयी आपल्याला जे काही कळते ते सारे कालच्या खेळातूनच कळते.

फरक आहे तो या दोन रूपांच्या आयुष्यात. ऋण जुने झाले म्हणून कमी होत नाही. पुरावा मात्र जुना होतो. वयाने त्याचे वजन घटते, दुखापतीने एकदम घटते. १९९४ च्या पाच गोलांचे ऋण २००२ साली तेवढेच होते. पुरावा म्हणून त्यांची किंमत जवळजवळ शून्य होती. वृद्ध खेळाडूचे चाहते जुने ऋण दाखवतात आणि तो पुरावा असल्याचे भासवतात. कठोर निवडकर्ते याच्या उलट करतात : भावनेला बळी पडायचे नाही या निश्चयात ते ऋणाबरोबर पुरावाही फेकून देतात. बॅजियोच्या बाबतीत ताजा पुरावा उपलब्ध होता. त्याच मोसमातले अकरा गोल होते, आणि त्यांतले काही शस्त्रक्रियेनंतरचे होते. त्या गुडघ्यावर संशय घेण्याचा अधिकार प्रशिक्षकाला होताच. पण संशय घेताना तो गुडघ्यावर घेतला की 'पस्तीस' या आकड्यावर, हे मात्र विचारावेसे वाटते. आकड्यावर घेतला असेल तर तेही तोंड पाहूनच वागणे झाले. फक्त तोंडावरच्या सुरकुत्या पाहून. ट्रॅपटोनी यांच्या मनात काय होते ते सांगण्याचा अधिकार मला नाही. ते स्वतः तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि पुढे २०१३ पर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत, आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिले. प्रशिक्षकाला धावावे लागत नाही हे मान्य आहे.

त्याच वर्षी, त्याच स्पर्धेसाठी, ब्राझीलमध्ये असाच निवाडा झाला. प्रशिक्षक लुईझ फिलिपे स्कोलारी यांनी छत्तीस वर्षांच्या रोमारिओला घ्यावे अशी देशभर मागणी होती. त्यांनी घेतले नाही. घेतले ते रोनाल्डोला. त्याचा गुडघा १९९९ आणि २००० मध्ये दोनदा मोडला होता आणि एक संपूर्ण मोसम त्याने मैदान पाहिले नव्हते. रोनाल्डोने आठ गोल केले, त्यांतले दोन जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, आणि ब्राझील विजेता ठरला. म्हणजे दुखापत हे कारण स्कोलारींनी निर्णायक मानले नाही. वय मानले असावे, किंवा संघातील शिस्त आणि मेळ मानला असावा. उलट कॅमेरूनच्या रॉजर मिलाचे पाहा. १९९० मध्ये अडतीस वर्षांचा, राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला, रियुनियन बेटावर खेळत असलेला हा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहावरून संघात आला. राज्यकर्त्याने यादीत ढवळाढवळ करणे तत्त्वतः अगदी चुकीचे. पण मिलाने उत्तरार्धात बदली म्हणून येऊन येऊन चार गोल केले आणि आफ्रिकेचा संघ प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत गेला. चुकीच्या मार्गाने योग्य माणूस आला.

ही उदाहरणे देताना मला एक भीती वाटते. निकाल पाहून निवाड्याचे मोल ठरवण्याची आपली सवय फार जुनी आहे. इटलीचा संघ १८ जून २००२ रोजी देजॉन येथे दक्षिण कोरियाकडून १-२ असा हरला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत तो पुढे होता. मग बरोबरी झाली, आणि जादा वेळेत सुवर्ण गोलाने खेळ संपला. आपल्याकडे तो सामना संध्याकाळी दूरदर्शन संचापुढे बसून पाहिलेले पुष्कळ जण असतील. पंचांविषयी तेव्हा जे बोलले गेले ते येथे सांगायला नको. धर्मभगिनी असलेल्या बहिणीने दिलेले पवित्र जल ट्रॅपटोनी यांनी त्या स्पर्धेत मैदानाच्या कडेला शिंपडले होते, हेही अनेकांनी पाहिले. त्याची पुष्कळ टिंगल झाली. मला त्यात टिंगल करण्यासारखे काही दिसत नाही. आपला विवेक जेथे संपतो तेथून पुढचे देवाच्या हवाली करणे ही श्रद्धाच आहे. एवढेच, की पवित्र जल यादी करून झाल्यावर कामाला येते, यादी करताना नव्हे.

तेव्हा 'बॅजियो असता तर इटली जिंकली असती' हा युक्तिवाद मी करणार नाही. तो करणाऱ्यांनी १९९४ चा अंतिम सामना आठवावा. साखळीतल्या नॉर्वेविरुद्धच्या सामन्यात कर्णधार फ्रँको बारेसीचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि चोविसाव्या दिवशी चौतीस वर्षांचा हा खेळाडू ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. बॅजियोच्या मांडीचा स्नायूही उपांत्य सामन्यात दुखावला होता, तोही उतरला. प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी दोन जखमी माणसांना पसंती दिली. बारेसी एकशेवीस मिनिटे अप्रतिम खेळला. ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. मग पेनल्टीची वेळ आली तेव्हा बारेसीचा फटका आडव्या दांड्यावरून गेला, आणि शेवटी बॅजियोचाही. साक्कींचा निवाडा बरोबर होता की चूक? एकशेवीस मिनिटांकडे पाहिले तर बरोबर. फटक्यांकडे पाहिले तर चूक. निकालावरून ठरवू गेल्यास एकच निवाडा पाच मिनिटांत आपले मोल बदलतो. विवेक हा सद्गुण आहे, भविष्यकथन नव्हे. निर्णय घेताना जे दिसत होते आणि जे पाहता येण्याजोगे होते, त्यावरूनच त्याची परीक्षा व्हायला हवी.

त्या कसोटीवर माझे मत असे आहे की बॅजियोला न्यायला हवे होते. पहिल्या अकरांत नव्हे, तेविसांत. तेवीस जणांपैकी काहींच्या वाट्याला स्पर्धेत एक मिनिटही येत नाही हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असते. शेवटच्या जागेवरच्या माणसाकडून नव्वद मिनिटांची अपेक्षा नसते. एखाद्या बंद पडलेल्या सामन्यात शेवटची वीस मिनिटे, एखादी फ्री किक, एखादा अनपेक्षित पास, एवढेच त्याच्याकडून हवे असते, आणि हे सारे पायाच्या बळापेक्षा नजरेवर अवलंबून असते. वय प्रथम वेग घेऊन जाते. नजर बरीच उशिरा जाते. धोका होता तो एक राखीव जागा वाया जाण्याचा. हा धोका लहान होता, लाभाची शक्यता मोठी होती, आणि पुरावा ताजा होता. येथे ऋणाचा आधार घ्यावाच लागत नाही.

मात्र हे लिहीत असताना एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो म्हणजे ज्याला बाहेर ठेवावे लागले असते तो. ट्रॅपटोनी यांनी सहा आघाडीवीर नेले. बॅजियोला घ्यायचे तर त्या सहांतील एक, किंवा मधल्या फळीतील एक, घरी राहिला असता. त्याच्यासाठी कोणी फलक हाती धरले नसते. त्याच्या गुडघ्याची कथा कोणाला माहीत नसते, त्याने वर्षभर केलेल्या सरावाला कोणी इतिहास म्हणत नाही. प्रसिद्ध माणसाला नाकारणाऱ्याचे नाव सर्वांना कळते. अप्रसिद्ध माणसाला नाकारले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅजियोला घ्यावे असे मला वाटते. पण ट्रॅपटोनी यांनी अन्याय केला असे मी म्हणू शकत नाही ते याच माणसामुळे. दोन जणांचे पारडे जवळजवळ सारखे असता ज्याच्यावर निर्णयाची जबाबदारी आहे त्याला विवेकाचे स्वातंत्र्य असते. त्या स्वातंत्र्याचा वापर मी निराळा केला असता, इतकेच.

प्रशिक्षक मंडळी आपल्या संघाला 'कुटुंब' म्हणतात तेव्हा मला थोडे हसू येते. कुटुंबात तेविसावी जागा नसते. आजोबा आता शेतात उतरू शकत नाहीत म्हणून जेवणाच्या पंगतीतून त्यांना कोणी वगळत नाही. 'पात्र' म्हणजे भांडे. भांड्यात आज काय मावते हे कामाच्या जागी पाहावेच लागते. पण पंगतीत पात्रता विचारली जात नाही, ताट वाढले जाते. ख्रिस्तसभेची अडचण अशी की ती एकाच वेळी कुटुंबही आहे आणि कामाची जागाही. म्हणून तिने नियम करून ठेवला आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार महागुरूंनी, आणि आम्हा धर्मग्रामांच्या प्रमुख धर्मगुरूंनीही, पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की राजीनामा सादर करावयाचा असतो. तो स्वीकारायचा की लांबणीवर टाकायचा हे वरिष्ठ सर्व परिस्थिती पाहून ठरवतात. १९७१ पासून ऐंशी वर्षांवरील कार्डिनलांना पोपच्या निवडणुकीत मताधिकार नाही. हे आकडेही एका अर्थी तोंड पाहत नाहीत, आणि एका अर्थी केवळ तोंडच पाहतात. परंतु नियमाचा एक फायदा असतो : नाकारण्याचे ओझे कोणा एका माणसाच्या माथी येत नाही, आणि नाकारल्या गेलेल्याला आपले काही चुकले असे वाटत नाही. पोप दुसरे जॉन पॉल, जे तरुणपणी वाडोविसे गावात गोलरक्षक म्हणून खेळत, आजारपणातही २००५ साली मृत्यू येईपर्यंत जागेवर राहिले. पोप सोळावे बेनेडिक्ट २०१३ साली शक्ती उरली नाही असे सांगून जागा सोडून गेले. दोघांनीही आपापल्या विवेकाला साक्षी ठेवले, आणि दोघांच्याही निर्णयांचा आदर झाला. खेळाडूला हे भाग्य लाभत नाही. तो जाऊ शकतो. राहणे त्याच्या हातात नसते.

बॅजियो यादीबाहेर राहिला म्हणून निवृत्त झाला नाही. ब्रेशियासारख्या छोट्या संघात, कार्लो मात्झोने या वयोवृद्ध प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि त्यांच्यानंतरही, तो २००४ पर्यंत खेळला; पुढे क्लबाने त्याचा दहा क्रमांक कोणालाही द्यायचा नाही असे ठरवले. २८ एप्रिल २००४ रोजी जेनोआ येथे स्पेनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. त्यासाठी ट्रॅपटोनी यांनी सदतीस वर्षांच्या बॅजियोला राष्ट्रीय संघात बोलावले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. बॅजियो मैदानाबाहेर आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले होते.

तो सामना ऋणासाठीच होता, आणि तसा असण्यात काही गैर नव्हते. ज्या सामन्यावर कोणाचा विश्वचषक अवलंबून नाही तेथली जागा प्रशिक्षक मोकळ्या मनाने देऊ शकतो. ते देणे त्याच्या पदरचे असते. दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या संध्याकाळने दिले नाही. तो प्रश्न ऋणाचा नव्हता; अकरा गोलांचा आणि एका गुडघ्याचा होता, आणि त्याची वेळ २००२ च्या मे महिन्यातच निघून गेली होती.